आप्पा, दुपारी तीन

छप्पन सालच्या भाद्रपदात मध्यभारत नावाचं राज्य मरायला टेकलं होतं. वय वर्षं आठ. जन्मापासून त्याची प्रकृती तशी नाजूकच. राजधानी काही महिने ग्वाल्हेरला, काही महिने इंदूरला, आणि मधले आठ-दहा दिवस मालगाडीत. आता एक नोव्हेंबरला ते नव्या मध्यप्रदेशात विरघळणार होतं आणि राजधानी कायमची भोपाळला जाणार होती. ग्वाल्हेरला महाराज बाड्याच्या चौकात दोन माणसं भेटली की घरात कुणी आजारी असल्यासारखी हळू बोलत. कधी आहे? एक तारखेला. चला, सुटलं बिचारं.

अशा दिवसांत गोरखी या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत लक्ष्मीकांत नावाचा एक चित्रकार राहत होता. वय चोवीस, मुंबईहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आलेला. डिप्लोमा काचेत बसवून भिंतीवर लावला होता आणि चित्रं पलंगाखाली ठेवली होती. यावरून घरात कशाला किती मान होता ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

मुंबईत त्याच्या मास्तरांनी सांगितलं होतं, जे दिसतं ते रंगव. लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या याच भागात, आल्यावर पहिल्याच गिऱ्हाइकानं सांगितलं, मी दिसतो तसा नको, होतो तसा रंगव. गिऱ्हाइकं म्हणजे सगळे जुन्या दरबाराचे मानकरी. अठ्ठेचाळीसला दरबार उठला, पुढं जहागिरी गेल्या, आणि या मंडळींच्या लक्षात आलं की आपण कोण होतो हे नातवंडांना सांगूनही पटणार नाही, तेव्हा तैलरंगात पुरावा हवा. दीड वर्षात लक्ष्मीकांतनं अशा अकरा तसबिरी केल्या. सगळ्यांच्या छातीवर बिल्ले, डोक्यावर पगडी आणि हातात तलवार. अकरा हातांत मिळून तलवार एकच होती. ती जगदेवरावांची, आणि आपण ती दहा जणांना उसनी दिली हे जगदेवराव अजून चारचौघांत बोलून दाखवत.

बारावं चित्र मात्र लक्ष्मीकांतनं कुणी न सांगता केलं होतं.

त्यात त्याचे वडील होते. मधुसूदनपंत, घरात आप्पा. आई जाऊन सहा वर्षं झालेली, घरात हे दोघंच. जुन्या दरबारात आप्पांकडे बैठकीची यादी असे. दसऱ्याच्या दरबारात उजवीकडे कोण, डावीकडे कोण, कोण कितवा, गादीपासून किती हातांवर, हे सगळं त्या यादीत. एकशे बेचाळीस मानकरी त्यांना आजे-पणज्यांसकट पाठ होते. दरबार भरला की आप्पा दाराजवळच्या खांबाशी यादी घेऊन उभे राहत. अशी एकतीस वर्षं. सगळ्यांना बसवणारा हा माणूस, पण त्याला स्वतःला बैठक नव्हती. मग दरबारच उठला. आप्पांना पेन्शन मिळालं आणि दुपार मिळाली. पेन्शनचं काय करायचं ते त्यांना कळत होतं.

दुपारचं त्यांनी असं केलं की दोन वाजता ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसायचं आणि तीनच्या सुमाराला झोपलेलं असायचं. मागच्या उन्हाळ्यात लक्ष्मीकांतनं रोज त्या तासाभरात त्यांना रंगवलं. अंगात बंडी, डोकं उघडं. कपाळावर एक आडवी रेघ, तिच्याखाली चेहरा उन्हानं काळवंडलेला आणि तिच्यावर डोकं थेट लहान मुलासारखं गोरं, कारण एकतीस वर्षं तिथं पगडी होती आणि उन्हाला तिथं जायची परवानगी नव्हती. तोंड किंचित उघडं. उजवा हात खुर्चीबाहेर लोंबलेला, आणि त्याची बोटं अशी वळलेली की त्यांत एक कागद असावा. कागद नव्हता. चित्र पुरं झालं तेव्हा लक्ष्मीकांतला वाटलं की आपण चित्रकार आहोत हे डिप्लोमा सांगतो ते खरं असेलही. त्यानं मागं नाव लिहिलं, ‘आप्पा, दुपारी तीन’, आणि ते पलंगाखाली सरकवलं. आप्पांना दाखवलं नाही. झोपलेल्या माणसाला विचारून चित्र काढता येत नाही, आणि जागं झाल्यावर सांगायला धीर होत नाही.

सप्टेंबरात सरकारी पत्रक निघालं. नव्या राज्याच्या उद्घाटनाला भोपाळात तरुण चित्रकारांचं प्रदर्शन भरणार, प्रत्येक मोठ्या शहरातून एक चित्र घेणार, निवडीला निगमसाहेब नावाचे अधिकारी स्वतः येणार. अट एवढीच की चित्रकारानं आपली किमान बारा चित्रं गावात सार्वजनिक जागी भिंतीवर लावलेली असावीत. बाराच का, हे पत्रकात नव्हतं. राज्य नवीन होतं, त्याचे आकडेही नवीन होते. लक्ष्मीकांतनं पलंगाखाली वाकून पाहिलं. विद्यार्थीदशेतली फळं होती, सुरया होत्या, एक बकरी होती, पण ते सगळं दाखवण्यापेक्षा त्यानं विष घेतलं असतं. अकरा तसबिरी परत मागून आणाव्या, त्यांत बारावं आपलं लावावं. निगमसाहेब अकरांवरून बघत बघत पुढं सरकतील आणि बाराव्याशी थांबतील. एवढंच त्याला हवं होतं. कुणीतरी डोळे असलेल्या माणसानं त्या चित्राशी थांबावं.

जागेसाठी तो लीलाताईंकडे गेला. लष्करातल्या मराठी लोकांच्या दक्षिणी मंडळाच्या त्या चिटणीस, वय साठ, आवाज पंचवीस. मंडळाचा हॉल त्यांनी दिला. तसबिरीतले अकराही जण मंडळाचे सभासद होते, त्यामुळे तसबिरीही हसत हसत आल्या. लक्ष्मीकांतनं एक अख्खा दिवस घालवून चित्रं लावली. खिडकीचा उजेड कुठं पडतो ते पाहून, रंगाला रंग जुळवून. बारावं त्यानं अजून कापडात गुंडाळून ठेवलं होतं. ते शेवटी लावायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवराव काठी टेकत आले, सगळी भिंत हिंडले आणि स्वतःपाशी थांबले.

“लक्ष्मीकांत, मी दाराशी?”

“तिथं उजेड चांगला आहे, काका.”

“उजेडाचं मला नको सांगू. दाराशी चौकीदार असतो. आणि तो जयसिंहराव मधोमध? त्याचे आजोबा आमच्या आजोबांच्या खाली तीन माणसं सोडून बसायचे. पूछ लो किसी से भी.”

कुणाला विचारायची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत सगळे आपणहून सांगायला आले. एकाला उजवीकडून डावीकडे टाकलं होतं. एकाची चौकट शेजाऱ्याच्या चौकटीपेक्षा दोन बोटं खाली होती, आणि त्या दोन बोटांवरून त्याच्या चुलत्यानं एकोणीसशे अकरा साली जेवण सोडलं होतं. एकजण तर म्हणाला की माझी तसबीर परत दे, मी घरीच बरा. लक्ष्मीकांतनं समजावलं की दरबार आता नाही, हे चित्रांचं प्रदर्शन आहे. त्यावर जयसिंहराव शांतपणे म्हणाले, दरबार नाही म्हणून तर म्हणतोय बेटा, दरबारात बसायला जागा होती, आता भिंतच उरलीय.

हे खरंच होतं, आणि खऱ्यापुढं इलाज नसतो. अकरातली एक जरी गेली तरी प्रदर्शन बाद. लीलाताई म्हणाल्या की हा गुंता सोडवणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात एकच आहे, आणि तो तुझ्या ओसरीवर झोपलाय.

आप्पा आले तेव्हा लक्ष्मीकांतनं वडिलांना आठ वर्षांनी पाहिलं. काळा कोट, खांद्यावर उपरणं, डोक्यावर लाल शिंदेशाही पगडी, तिचं नावेसारखं टोक बरोबर उजव्या भुवईवर. हातात यादी. पावलं सुद्धा निराळी पडत होती. हॉलमध्ये शिरताच अकरा म्हातारे उठून उभे राहिले आणि मग आपण का उठलो हे न कळून पुन्हा बसले.

आप्पांनी पहिला हुकूम सोडला, सगळे खिळे काढा. मग सुतारासारखी सुतळी ताणली, ओळंबा सोडला. भिंतीच्या मधोमध चार हात जागा मोकळी ठेवली. लक्ष्मीकांतनं विचारलं, इथं काय? आप्पा म्हणाले, गादी. तिथं काही लावायचं नाही. तिच्यापासून उजवीकडे पहिले जगदेवराव, डावीकडे पहिले जयसिंहराव, आणि अशा दोन रांगा दारापर्यंत. कुणाची चौकट किती बोटं उंच ते यादीत होतं. दोन दिवसांत भांडण मिटलं. म्हातारे रोज येऊ लागले. आल्यावर आधी मधल्या कोऱ्या भिंतीला मुजरा करत, मग आपापल्या तसबिरीखाली खुर्ची ओढून बसत. लक्ष्मीकांतच्या पहिल्या प्रदर्शनात सर्वांत जास्त पाहिली गेलेली कलाकृती म्हणजे ती चार हात कोरी भिंत. मुंबईत असतं तर यावर कुणीतरी व्याख्यान दिलं असतं.

एक अडचण मात्र उरली. जयसिंहरावांची तसबीर डाव्या अंगाला वळलेली होती, आणि आता ती गादीच्या डाव्या रांगेत गेल्यामुळं त्यांची पाठ गादीकडे होऊ लागली. आप्पा म्हणाले, हे चालणार नाही. लक्ष्मीकांत म्हणाला, मग मी काय करू. आप्पांनी जरा विचार केला आणि म्हणाले, नाक फिरव. लक्ष्मीकांतनं एका सकाळी नाक फिरवलं, त्याच्यामागून एक कान पुसला, एक काढला, मिशीची बाजू बदलली. जयसिंहराव येऊन बघून गेले आणि म्हणाले, आता कसं माझ्यासारखं दिसतंय.

हे सगळं लक्ष्मीकांतनं सोसलं, कारण बारावं अजून बाकी होतं. नाक गेलं तर जाऊ दे. ही अकरा नाकं त्या एका चित्राचं भाडं होती.

निगमसाहेब यायला चार दिवस उरले असताना त्यानं कापड सोडलं आणि चित्र हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलं. आप्पा यादी घेऊन समोर उभे होते. जगदेवराव आणि लीलाताई खुर्च्यांवर. आप्पा पुढं झाले, चष्मा लावला. त्यांनी ती बंडी पाहिली, ते तोंड पाहिलं, ते गोरं डोकं बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा हात आपोआप वर गेला आणि पगडी आहे ना, हे चाचपून खाली आला.

“हे कधी काढलंस?”

“उन्हाळ्यात. तुम्ही झोपला होतात.”

“ते दिसतंय.”

जगदेवराव मागून म्हणाले की बोडक्या डोक्यानं कोण बसतो, ज्याच्या घरी मयत झालंय तो. माझ्या रांगेत सुतकी माणूस लावणार असशील तर माझी तलवार मला परत दे. तलवार त्यांच्याच घरी होती, पण मुद्दा पोहोचला.

आप्पांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. ते यादी चाळत होते. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांनी खरोखर चाळली, जणू आपलं नाव आपल्याला न कळता कुणी मध्येच घातलं असेल. मग यादी मिटली.

“यादीत नाही,” ते म्हणाले.

“आप्पा, हे चित्र आहे. आणि ते तुमचं आहे.”

“म्हणूनच सांगतोय. या माणसाला बैठक नव्हती. एकतीस वर्षं मी उभा होतो, लक्ष्मीकांत. तू मला या लोकांच्या बरोबरीनं बसवलंस, तेही असं. उद्या मी कुणाला म्हणू की बाबा तू चौथा, तू पाचवा?”

यावर उत्तर नव्हतं असं नाही. लक्ष्मीकांतकडे मुंबईहून आणलेली पुष्कळ होती. पण ती सगळी इंग्रजी पुस्तकांतली होती आणि समोर बाप होता. त्या चित्राच्या जागी बकरी लावली की बारा पुरे होतात, असं लीलाताईंनी सुचवलं. बकरीला मानपान नसतो. लक्ष्मीकांत म्हणाला, हे नाही तर काहीच नाही, मी सगळं उतरवतो. आणि तो खरंच खिळा उपसायला गेला.

तेव्हा तोड निघाली. ती लीलाताईंनी काढली, आणि चांगल्या मनानं काढली, हे सांगायला हवं. त्या म्हणाल्या, मधुसूदनपंत बसलेले नकोत तर नकोत, पण ते यादीवाले म्हणून दाराशी असायचेच ना? मग चित्र दाराशी लावा, रांगेबाहेर. आणि डोक्यावर पगडी काढ बाळा, म्हणजे कुणाला सुतकाचं म्हणता येणार नाही. सगळ्यांचं राहतं.

जगदेवरावांनी मान डोलावली. घरी जाताना बाड्याच्या वळणावर आप्पा थांबले. टांग्यांची गर्दी ओसरेपर्यंत उभे राहिले आणि मग समोर बघतच म्हणाले,

“पगडी रंगवून दे. एवढं कर. बाकी बंडी वगैरे असू दे, माझी काही तक्रार नाही. तोंडही असू दे उघडं. फक्त डोकं झाक.”

आप्पांनी आयुष्यात मुलाकडे काही मागितलेलं लक्ष्मीकांतला आठवत नव्हतं. पाणीसुद्धा ते स्वतः उठून घेत. पुढच्या एका दिवसात लक्ष्मीकांतनं स्वतःला बरंच समजावलं. की चित्र हे डोक्यापुरतं नसतं. हात आहे, बोटं आहेत, ओसरीवरचा उजेड आहे. की डोळे असलेला माणूस पगडीखालचंही बघेल. की नाही दाखवलं तर ते पलंगाखाली राहील, आणि पलंगाखाली पगडी असली काय, नसली काय. शेवटी वडिलांनी मागितलंय. यातलं प्रत्येक कारण आपापल्या जागी बरोबर होतं, आणि सगळी मिळून एका चुकीला पुरेशी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पगडी रंगवली. आप्पा नमुन्याला बसले, म्हणजे पगडी घालून ताठ, डोळे उघडे ठेवून. झोपलेल्या डोक्यावर जाग्या माणसाची पगडी आली. लक्ष्मीकांतला पगड्यांचा सराव होता, अकरा करून झाल्या होत्या. ही बारावी सर्वांत उत्तम उतरली. लाल रंग ओल्या जखमेसारखा चमकत होता, टोक उजव्या भुवईवर अचूक. कपाळावरची रेघ तिच्याखाली गेली आणि रेघेवरचं गोरं डोकंही. आप्पांनी चित्र पाहिलं, समाधानानं मान हलवली आणि म्हणाले की आता माणूस वाटतो.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी निगमसाहेब आले. खादीचा बंद गळ्याचा कोट, सोबत एक कारकून, परतीची गाडी दुपारची. म्हातारे सकाळपासून आपापल्या तसबिरीखाली बसलेले. आप्पा दाराशी उभे, हातात कोऱ्या पट्ट्या आणि दौत-टाक. चित्रांखालच्या पट्ट्या त्यांनीच लिहिल्या होत्या: चित्राचं नाव, चित्रकार, आणि चित्रातली व्यक्ती. आपल्या मोत्यासारख्या अक्षरात. बाराव्याखाली अजून पट्टी नव्हती. आधी बाकीच्यांच्या, मग आपली, असा त्यांचा क्रम होता.

निगमसाहेबांनी अकरा तसबिरी अकरा पावलांत संपवल्या. मधल्या कोऱ्या जागेशी त्यांनी विचारलं, इथलं चित्र पडलं का? मग ते दाराकडे वळले, घड्याळ बघत. आणि थांबले.

थांबले, हे लक्ष्मीकांतनं पाहिलं. साहेबांनी घड्याळाचा हात खाली घेतला. एक पाऊल मागं गेले, पुन्हा पुढं आले, डोकं एका बाजूला कललं. सबंध मिनिटभर ते बघत होते. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या आणि ते हसले. आधी नाकातून, मग मोकळेपणानं, पोट धरून.

“वाह भई. राज गया, दरबार गया, बनियान पे आ गए, मगर पगड़ी नहीं उतरी. सोते में भी नहीं.”

निगमसाहेब मागं वळले आणि हसतच उजव्या रांगेकडे पाहू लागले, हसण्यात कुणी सोबत येतंय का बघायला. उजवीकडे पहिले होते जगदेवराव. जगदेवरावांचा मुलगा तहसीलीत होता आणि तहसील आता भोपाळच्या हाताखाली जाणार होती. जगदेवराव हसले. ते हसले म्हटल्यावर डावीकडून जयसिंहराव हसले. मग उजवीकडचे दुसरे, मग डावीकडचे दुसरे. कुणी घाई केली नाही, कुणी आपली पाळी सोडली नाही. हसू मानाप्रमाणे एकेक खुर्ची उतरत दोन्ही रांगांनी दारापर्यंत आलं. दाराशी दोघंच उभे होते.

लक्ष्मीकांत हसला. फार नाही, निवड होण्याइतपत.

निगमसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चित्राचं नाव विचारलं. लक्ष्मीकांतनं सांगितलं. साहेब म्हणाले, छे, त्यात काही गंमत नाही, हे भोपाळात उद्घाटनाला लागणार आहे, चार प्रांतांचे मंत्री बघतील. त्यांनी क्षणभर छताकडे पाहिलं. “‘सामंतशाही की नींद’. कैसा है?”

हे माझे वडील आहेत, हे वाक्य लक्ष्मीकांतकडे तयार होतं. हिंदीतही तयार होतं, मराठीतही. चारच शब्द. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, “जी, अच्छा है.”

साहेबांनी दाराशी उभ्या असलेल्या पगडीवाल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तोच चेहरा, तीच पगडी, चार हातांवर. पण हा उभा होता आणि जागा होता, त्यामुळं ओळख पटायचं कारण नव्हतं.

“मुंशीजी, लिख लीजिए.”

आप्पांनी पट्टी यादीवर ठेवली, टाक बुडवला आणि लिहिलं. खाली चित्रकाराचं नाव लिहिलं. मग टाक उचलून, दरबारी हिंदीत, अदबीनं विचारलं,

“और शख़्स का नाम, हुज़ूर?”

“अरे मुंशीजी, ये कोई शख़्स थोड़े ही है. ये तो एक ज़माना है.”

आप्पांनी ती ओळ कोरी ठेवली. शाई वाळू दिली, पट्टी चित्राखाली टाचणीनं लावली, सरळ आहे ना ते एक डोळा मिटून बघितलं आणि एक सूत डावीकडे सरकवली.

घरी जाताना ते बोलले ते एवढंच की जयसिंहराव जगदेवरावांच्या नंतरच हसले, क्रम कुणी विसरलेलं नाही. लक्ष्मीकांतला ते नीट ऐकू आलं नाही किंवा त्यानं नीट ऐकलं नाही. चित्र दोन दिवसांनी लाकडी खोक्यातून भोपाळला गेलं. लीलाताईंनी मंडळातर्फे पेढे वाटले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यांत लक्ष्मीकांतचं नाव होतं आणि ते बरोबर छापलं होतं.

आप्पांची दुपार मात्र बदलली. ते ओसरीवर झोपेनात. दोन वाजले की आतल्या खोलीत जायचे आणि कडी लावून घ्यायचे. आतून घोरण्याचा आवाज येत नसे. पडल्याचाही येत नसे. चार वाजता बाहेर यायचे, कोट आणि पगडी घातलेली. लक्ष्मीकांत दोनदा बोलायला गेला. दोन्ही वेळा त्यांनी त्याला रंग पुरेत का विचारलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर भोपाळहून लखोटा आला. कागदावर वर ‘मध्यभारत शासन’ छापलं होतं, ते शाईनं खोडून हातानं ‘मध्यप्रदेश शासन’ लिहिलं होतं. आपलं चित्र अतिशय लोकप्रिय ठरलं असून माननीय मंत्र्यांनी ते पाहून आनंद व्यक्त केला आहे. तरी त्याच मालिकेतली आणखी सहा चित्रं, तोच म्हातारा, निरनिराळ्या झोपा, फेब्रुवारीपर्यंत पाठवावीत. सचिवालयाच्या नव्या जिन्यात ती कायमची लागतील.

चोविसाव्या वर्षी सचिवालयाच्या जिन्यात. मुंबईच्या मास्तरांना चाळिशीपर्यंत कुणी जिना दिला नव्हता. लक्ष्मीकांतनं पत्र तीनदा वाचलं. दुपारचे अडीच वाजले होते. तो आतल्या खोलीच्या दाराशी गेला. मग कडी न वाजवता बाहेरूनच त्यानं पत्र वाचून दाखवलं, सगळं, मालिका आणि झोपांसकट, कारण गाळायचं काय हे त्याला ठरवता येईना.

आतून आप्पांनी विचारलं,

“सरकारी आहे?”

“हो.”

“शिक्का?”

“आहे.”

कडी निघाली. आप्पा बाहेर आले. कोट त्यांनी काढून ठेवला होता; बंडी होती, आणि डोक्यावर पगडी. त्यांनी पत्र हातात घेऊन शिक्का पाहिला आणि परत दिलं. ओसरीवर गेले. आरामखुर्चीवरची धूळ उपरण्यानं झटकली आणि आधी तिच्या कडेवर, मग हळूहळू पाठ टेकून बसले. उजवा हात स्वतःच बाहेर सोडला.

लक्ष्मीकांतनं कॅनव्हास आणला, रंग काढले. आप्पांनी डोळे मिटले. झोपेचं सोंग आणणं त्यांना जमत नव्हतं. पापण्या थरथरत होत्या आणि मान ताठ होती, खांबाशी उभं राहिल्यासारखी. लक्ष्मीकांतनं कुंचला उचलला. मग म्हणाला,

“आप्पा, तोंड जरा उघडं.”

आप्पांनी उघडलं.

“एवढं?”

“अजून थोडं.”